घरी शिकणाऱ्या मुलासाठी अभ्यासक्रमाची पातळी कशी ठरवावी

मुलाला घरीच शिकवायचे असे ठरले, की पालकांचा पहिला प्रश्न बहुधा पुस्तकांचा असतो: कोणत्या इयत्तेची घ्यायची? उत्तर सोपे वाटते, कारण मुलाचे वय माहीत असते आणि त्या वयाची मुले शाळेत कोणत्या इयत्तेत बसतात हेही माहीत असते. परंतु वयावरून इयत्ता ठरवणे ही शाळेची गरज आहे. शेकडो मुलांची विभागणी करायला एखादा निकष लागतो आणि जन्मतारीख हा त्यांतला सर्वांत सोयीचा निकष आहे. म्हणूनच एकाच वर्गातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मुलामध्ये जवळजवळ १२ महिन्यांचे अंतर असू शकते आणि तरीही दोघांच्या हातात एकच पुस्तक असते. सहा-सात वर्षांच्या वयात हे अंतर लहान नव्हे. घरी शिकवणाऱ्या पालकांना अशी विभागणी करायची नसते. त्यांच्यासमोर एक मूल असते, फार तर दोन-तीन, आणि प्रत्येकाचे नेमके काय पक्के झाले आहे हे जवळून पाहण्याची संधी असते. ती संधी असताना नुसते वय पाहून एकाच इयत्तेचा पूर्ण संच घेणे म्हणजे घरी शिकवण्याचा सर्वांत मोठा फायदा पहिल्याच दिवशी सोडून देणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात मुलाची एकच एक पातळी नसते. वाचनात दोन इयत्ता पुढे असलेले मूल शुद्धलेखनात एक इयत्ता मागे असू शकते. गुणाकार-भागाकार झटपट करणारे मूल तेच गणित चार ओळींच्या मजकुरात गुंफून दिले की अडते. म्हणून पातळी विषयवार ठरवावी, आणि भाषा व गणित या दोन विषयांत तर विषयाच्या आतल्या कौशल्यांनुसार ठरवावी. ती ठरवताना कोणती जागा शोधायची, हे सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी फार नेमकेपणाने सांगून ठेवले आहे: मूल जे एकट्याने करू शकते आणि जे मदतीनेही करू शकत नाही, त्यांच्या मधला जो पट्टा आहे, म्हणजे जे त्याला थोड्या मदतीने जमते, तिथेच शिकवण्याचा खरा उपयोग होतो. आपल्याला प्रत्येक विषयात हा पट्टा कुठे सुरू होतो ते शोधायचे आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा आकडा त्यानंतर पाहायचा.

मुखपृष्ठावरचा आकडा किती मानावा

अभ्यासक्रमांच्या इयत्ता एकमेकींशी जुळतातच असे नाही. एका प्रकाशकाच्या तिसरीच्या पुस्तकात जे अपूर्णांक येतात, ते दुसऱ्याच्या चौथीत येतात. सॅक्सन मॅथ या अमेरिकी मालिकेतल्या काही पुस्तकांवर तर ५/४, ६/५, ७/६ असे जोडआकडे छापलेले असतात. ५/४ याचा अर्थ सर्वसाधारण पाचवीच्या किंवा गणितात पुढे असलेल्या चौथीच्या मुलासाठी. प्रकाशकाने स्वतःच दिलेली ही कबुली आहे, की एक पुस्तक म्हणजे एक इयत्ता असे समीकरण मांडता येत नाही. सिंगापूरच्या पद्धतीवर आधारलेल्या गणिताच्या पुस्तकांत शाब्दिक उदाहरणे सोडवताना राशी आडव्या पट्ट्यांच्या आकृत्यांनी दाखवायला लहानपणापासून शिकवतात. दुसऱ्या मालिकेतून आलेले मूल त्याच इयत्तेच्या या पुस्तकात अडखळले, तर ते गणितात कच्चे आहे असे लगेच समजू नये. त्याने ती आकृती काढायची रीत कधी पाहिलेलीच नसते. एक-दोन आठवडे त्या रीतीसाठी दिले, की बऱ्याचदा मूल त्याच इयत्तेत रुळते.

प्रमाणित चाचण्यांच्या निकालपत्रावर कधी कधी 'इयत्ता समकक्ष ६.२' अशा स्वरूपाचा आकडा असतो, आणि त्याचा अर्थ हमखास चुकीचा लावला जातो. तिसरीतल्या मुलाला हा आकडा मिळाला म्हणजे ते सहावीचा अभ्यास करू शकेल असे नाही. त्याचा अर्थ एवढाच, की तिसरीच्या मजकुरावरच्या त्या चाचणीत या मुलाने जेवढे गुण मिळवले, तेवढे सहावीचा दुसरा महिना संपवलेला साधारण विद्यार्थी मिळवेल असा अंदाज आहे. सहावीचे गुणोत्तर किंवा दशांश अपूर्णांक त्या चाचणीत विचारलेलेच नसतात. हा आकडा पाहून सहावीचे पुस्तक आणू नये.

तपासणीच्या आधी

मूल नुकतेच शाळेतून बाहेर पडले असेल, विशेषतः तिथे ते दबून गेलेले असेल, तर पहिल्याच आठवड्यात चाचण्या घेऊ नयेत. त्या वेळी जे दिसते ते त्याचे ज्ञान नसते, त्याचा थकवा आणि भीती असते. काही आठवडे मोठ्याने वाचून दाखवणे, खेळ, गप्पा, हाताची कामे एवढ्यावर भागवावे. शाळेतल्या प्रत्येक वर्षामागे एक महिना थांबावे असा एक ठोकताळा पालकांमध्ये प्रचलित आहे. तो अनुभवातून आलेला आहे, नियम नव्हे, आणि मूल आधीच तयार दिसत असेल तर तेवढे थांबण्याचे कारण नाही. मोठ्या सुट्टीनंतरही हीच काळजी घ्यावी. सुट्टीत पाढे आणि रीती विसरतातच, त्यामुळे आठ-दहा दिवस साधी उजळणी करून मगच तपासणी केली तर पातळी खरी दिसते.

या काळात पालकांनी निरीक्षणाची एक वही ठेवावी. मूल स्वतःहून काय वाचते, खेळताना गुण कसे मोजते, गोष्ट सांगताना क्रम लावते का, न समजलेले विचारते की पुढे ढकलते, अशा नोंदी कोणत्याही चाचणीइतक्याच उपयोगी पडतात. शाळेची प्रगतिपत्रके त्या मानाने कमी उपयोगी, कारण त्यांत गुण असतात, पण गुण कशावर मिळाले आणि कशावर गेले ते नसते. जुन्या वह्या मात्र जरूर चाळाव्यात.

वाचन: उच्चारणे आणि उमगणे

वाचनाची पातळी ठरवताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचनाचे आकलन हा दोन घटकांचा गुणाकार आहे: अक्षरांवरून शब्द ओळखता येणे आणि ती भाषा ऐकून समजणे. गुणाकार म्हटला की दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्यच येते. मराठी वाचणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे फार लक्षात ठेवण्यासारखे आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे एकदा बसली, की मूल जवळजवळ कोणताही शब्द मोठ्याने वाचू शकते, त्याचा अर्थ ठाऊक असो वा नसो. वर्तमानपत्राचा अग्रलेख घडाघडा वाचणारे सात वर्षांचे मूल पाहून पालक हरखून जातात आणि चार इयत्ता पुढचे पुस्तक आणतात. मग त्या पुस्तकाखालचे प्रश्न सोडवताना मुलाला काहीच सांगता येत नाही. इंग्रजीत अनेकदा उलटे घडते: ऐकले तर सगळे समजते, पण स्पेलिंगवरून शब्दच ओळखता येत नाही. पहिल्या मुलाला शब्दसंपत्ती आणि चर्चेची गरज आहे, दुसऱ्याला अक्षर-ध्वनींच्या पद्धतशीर सरावाची. दोघांना एकाच 'खालच्या पातळीचे' पुस्तक देऊन भागत नाही.

तपासणीची रीत साधी आहे. ज्या अभ्यासक्रमाचा विचार चालला आहे, त्याच्या पुस्तकातला मुलाने आधी न पाहिलेला साधारण १०० शब्दांचा उतारा घ्यावा. मुलाने तो मोठ्याने वाचावा आणि पालकांनी आपल्याजवळच्या प्रतीवर चुकलेले, गाळलेले किंवा सांगावे लागलेले शब्द शांतपणे खूण करून ठेवावेत. मध्येच दुरुस्त करू नये. मग उतारा बाजूला ठेवून मुलाला तो आपल्या शब्दांत सांगायला लावावा आणि तीन-चार प्रश्न विचारावेत, त्यांतला निदान एक 'असे का झाले असेल?' या प्रकारचा असावा. एमेट बेट्स या अमेरिकी अभ्यासकाने १९४६ मध्ये यासाठी जे आकडे सुचवले ते अजूनही वापरले जातात: शंभरपैकी ९९ शब्द बरोबर आले तर मूल तो मजकूर एकट्याने वाचू शकते, ९५ च्या आसपास आले तर मदतीने शिकण्यासाठी तो योग्य आहे, आणि ९० पेक्षा कमी आले तर तो मुलाला वैताग आणणारा आहे. या आकड्यांच्या आधाराबद्दल पुढच्या संशोधकांनी शंका घेतल्या आहेत आणि शेजारी बसून मदत करणारे मोठे माणूस असेल तर मूल याहून कठीण मजकूरही पेलू शकते, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणून माझा सल्ला असा, की मुलाने एकट्याने वाचायच्या पुस्तकांना हे आकडे काटेकोरपणे लावावेत आणि तुमच्यासोबत वाचायच्या पुस्तकांना सैलपणे.

लेखनाची पातळी वाचनाच्या बरीच मागे असते आणि त्यात काळजीचे काही नाही. मात्र लेखनातही विचार मांडणे आणि हाताने लिहिणे यांची गल्लत होते. मुलाला एखादा प्रसंग तोंडी सांगायला लावावा, तो तुम्ही लिहून घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी तशाच प्रसंगावर त्याला स्वतः लिहायला सांगावे. तोंडी सांगितलेल्यात दहा सुसंगत वाक्ये आणि लिहिलेल्यात तीन तुटक वाक्ये असतील, तर निबंधलेखनाची खालची पातळी निवडण्याऐवजी अक्षर गिरवण्याचा रोजचा थोडा सराव वेगळा काढावा आणि रचनेचे काम काही दिवस तोंडीच ठेवावे.

गणित: पहिली पोकळी कुठे आहे

सर्वांत जास्त वेळ गणितावर घालवावा, कारण या विषयात मागची एक पायरी निसटली की पुढच्या सगळ्या डळमळतात. इथे बहुतेकांची चूक अशी होते, की मूल कुठवर जाऊ शकते ते ते पाहतात. कठीण उदाहरणे देत जातात आणि मूल जिथे थांबेल ती पातळी मानतात. प्रत्यक्षात पाहायचे असते ते मूल पहिल्यांदा कुठे अडखळते ते. लघुत्तम साधारण विभाज्य काढणारे मूल घड्याळातल्या वेळेच्या वजाबाकीत चुकत असेल, तर त्याला वरच्या पुस्तकात बसवण्याआधी ती पोकळी भरायला हवी.

बरेच प्रकाशक आपल्या अभ्यासक्रमासाठी प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे मुलाने कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करावी ते ठरवणारी चाचणी, देतात. ती नसेल, किंवा तिच्यावर भरवसा नसेल, तर तुम्हाला वाटते त्याच्या एक इयत्ता खालच्या पुस्तकातली वर्षअखेरची चाचणी घ्यावी. माझ्या मते हीच अधिक चांगली रीत, कारण तिच्यात त्या वर्षाचे सगळे धडे येतात. चाचणी देताना वेळेचे बंधन नसावे. मुलाला आधीच सांगावे, की ही परीक्षा नाही, कोणते पुस्तक घ्यायचे ते ठरवण्यासाठी हे चालले आहे, आणि 'येत नाही' हे पूर्णपणे चालणारे उत्तर आहे. पालकांनी शेजारी बसावे पण सुचवू नये, भुवयासुद्धा उंचावू नयेत. मुले आपल्या चेहऱ्यावरून उत्तर बरोबर की चूक ते ओळखतात. दोन बैठकांत विभागून घेतली तर उत्तम. सलग चार-पाच उदाहरणे आली नाहीत, तर तिथेच थांबावे.

किती गुण मिळाले याला एक ढोबळ अर्थ आहे. साधारण ८० टक्क्यांच्या वर उत्तरे बरोबर असतील, तर पुढची इयत्ता घ्यायला हरकत नसते. ६० च्या खाली असतील, तर तीच इयत्ता किंवा तिच्याही खालची तपासावी. पण गुणांपेक्षा चुकांचा प्रकार अधिक सांगतो. एक उदाहरण घेऊ. ४०२ मधून १७८ वजा करायचे आहेत. उत्तर २२४.

एका मुलाने ३७६ लिहिले. नीट पाहिले तर कळते, की त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: ८ मधून २ गेले ६, ७ मधून शून्य गेले ७, ४ मधून १ गेला ३. या मुलाला शतक, दशक, एकक या घरांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे उमगलेले नाही. त्याला वजाबाकीचा आणखी सराव देऊन उपयोग नाही. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून आणि सोडून दाखवणाऱ्या पातळीवर त्याला न्यावे लागेल, मग त्याचे वय काहीही असो. दुसऱ्या मुलाने २३४ लिहिले. त्याने एककासाठी हातचा घेतला, १२ मधून ८ घालवून ४ बरोबर आणले, शतकातूनही एक कमी केला, पण मधल्या शून्याच्या जागी १० झाल्यावर त्यातला एक दशक एककाला देऊन झाला आहे हे तो विसरला. याला पातळी खाली आणण्याची गरज नाही. मध्ये शून्य असलेल्या वजाबाकीवर चार-सहा दिवस बसले की झाले. तिसऱ्याने २२५ लिहिले: रीत संपूर्ण बरोबर, फक्त १२ वजा ८ मध्ये गफलत. ही गफलत एकदाच झाली असेल तर सोडून द्यावी, वारंवार होत असेल तर रोज पाच मिनिटे तोंडी बेरीज-वजाबाकी घ्यावी आणि पुस्तक तेच ठेवावे. तिन्ही मुलांचे या उदाहरणातले गुण सारखेच, शून्य. आणि तिघांना हव्या असलेल्या गोष्टी मात्र पूर्ण वेगळ्या. म्हणून चुकलेल्या प्रत्येक उदाहरणापाशी 'हे कसे केलेस ते मला सांग' असे विचारावे, आणि बरोबर आलेल्यांपैकी दोन-तीन ठिकाणीही तेच विचारावे, म्हणजे मुलाला प्रश्नाचा अर्थ चूक शोधणे असा वाटत नाही.

अपूर्णांकांतही असेच. १/२ अधिक १/३ बरोबर २/५ असे लिहिणाऱ्या मुलाला छेद समान करण्याची रीत पुन्हा सांगण्याआधी विचारावे, की २/५ हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? ते जर थबकले आणि म्हणाले, 'अर्ध्यापेक्षा कमी, मग बेरीज करून कमी कसे झाले?', तर त्याला अपूर्णांकाची जाण आहे आणि केवळ रीत शिकवायची राहिली आहे. त्याला प्रश्नच कळला नाही, तर अपूर्णांकांची ओळख करून देणाऱ्या धड्यांकडे परतावे. शाब्दिक उदाहरणे चुकत असतील, तर तेच उदाहरण मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकल्यावर सुटले, तर अडचण वाचनाची आहे, गणिताची नव्हे.

पोकळी सापडली म्हणजे संपूर्ण वर्ष मागे जावे लागते, असे मात्र नाही, आणि इथे अभ्यासक्रमाची बांधणी पाहावी लागते. काही अभ्यासक्रम चक्राकार असतात: जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये मांडलेल्या कल्पनेप्रमाणे तोच विषय दरवर्षी थोडा अधिक खोलात जाऊन पुन्हा येतो. दुसऱ्या प्रकारचे अभ्यासक्रम प्रभुत्वावर भर देतात. एक घटक पूर्ण पक्का झाल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा विचार बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये मांडला. चक्राकार पुस्तकात एखादी लहान पोकळी घेऊन मूल वरच्या इयत्तेत गेले, तरी तो घटक पुन्हा येतोच आणि पोकळी बुजते. प्रभुत्वाच्या पुस्तकात तो घटक कदाचित पुन्हा येणारच नाही, तेव्हा आधीच्या भागातले तेवढे धडे अगोदर करून घेणे भाग आहे. एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवाव्यात आणि नव्या पुस्तकाने गृहीत धरलेले पण जुन्यात न आलेले घटक अधोरेखित करावेत. हे काम तासाभराचे असते, आणि ते न केल्याने महिने वाया जातात.

इतर विषय

विज्ञान, इतिहास, भूगोल, कला यांत प्राथमिक वयात पातळीची फार चिंता करू नये. प्राचीन संस्कृती आधी शिकावी की चुंबकत्व, याला ठरलेला क्रम नाही. दोन-तीन वर्षांचे अंतर असलेल्या भावंडांना हे विषय एकत्र शिकवता येतात. धडा एकच ठेवावा, थोरल्याने त्यावर परिच्छेद लिहावा आणि धाकट्याने चित्र काढून दोन वाक्ये सांगावीत. एवढेच पाहावे, की पुस्तक एकट्याने वाचायचे असेल तर त्याची भाषा वाचनाच्या पातळीला जुळते का. माध्यमिक टप्प्यावर मात्र चित्र बदलते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांना बीजगणिताचा आधार लागतो, त्यामुळे तिथे गणिताची पातळी पाहूनच विज्ञानाचे पुस्तक निवडावे.

दोन पातळ्यांच्या मध्ये असलेले मूल

तपासणीनंतर बरीच मुले दोन इयत्तांच्या मध्येच सापडतात. अशा वेळी खालची घ्यावी आणि भरभर पुढे जावे, असा माझा ठाम सल्ला आहे. खालच्या पातळीवर सुरुवातीचे यश मिळते, पुस्तकाची धाटणी अंगवळणी पडते, आणि पुढे वेग वाढवणे सोपे असते. वरच्या पातळीवर बसवून दोन महिन्यांनी खाली आणणे मुलाला फार लागते. खालचे पुस्तक घेतले म्हणजे त्यातले प्रत्येक पान करायचे असे नाही: प्रकरणाच्या शेवटची चाचणी आधी घ्यावी, ती जमली तर प्रकरण सोडून पुढे जावे, अर्धवट जमली तर अडलेल्या रीतीचेच धडे करावेत. या पद्धतीने वर्षाचे पुस्तक बरेच आधी संपू शकते आणि मागे काही राहिल्याची धास्ती उरत नाही.

खूपच पुढे असलेल्या मुलाच्या बाबतीत वर चढवण्याआधी रुंदी वाढवण्याचा विचार करावा. गणितात अधिक अवघड कोडी, त्याच घटकाचे वेगळे उपयोग, भाषेत वेगवेगळ्या प्रकारचे वाचन. बुद्धीने बारा वर्षांचे वाटणारे आठ वर्षांचे मूल भावनेने आठ वर्षांचेच असते आणि त्याचा हातही आठ वर्षांचाच असतो. मोठ्या मुलांसाठीच्या कथांतले हिंसाचाराचे किंवा विश्वासघाताचे प्रसंग त्याला शब्दशः समजतील, पण पेलतीलच असे नाही. म्हणून भाषेच्या वरच्या इयत्तेची पुस्तके मुलाच्या हाती देण्याआधी पालकांनी स्वतः वाचावीत.

पहिले चार ते सहा आठवडे

निवड झाली तरी ती काही आठवडे तात्पुरतीच मानावी. शक्य असेल तर एकाच वेळी सगळे भाग न घेता पहिला भागच घ्यावा. योग्य पातळीवर मूल नवा धडा समजावून दिल्यानंतर बहुतेक उदाहरणे स्वतः करते, एक-दोन ठिकाणी विचारते, आणि लहान वयात एका विषयाचे काम साधारण २०-३० मिनिटांत उरकते. समजावण्याआधीच सगळे येत असेल, चुका फक्त कंटाळ्याने होत असतील आणि असे आठवडाभर चालले असेल, तर पातळी सोपी आहे. उलट प्रत्येक उदाहरणाला तुमच्याकडे पाहावे लागत असेल, काल केलेले आज कोरे असेल, त्या एकाच विषयाची वेळ आली की पोटात दुखत असेल किंवा डोळ्यांत पाणी येत असेल, तर मुलाला आळशी म्हणण्याआधी पातळी तपासावी.

कधी कधी दोष पातळीचा नसतो, मांडणीचा असतो. एका पानावर ४० उदाहरणे पाहून घाबरणारे मूल तीच उदाहरणे दहा-दहाच्या तुकड्यांत दिली की शांतपणे करते. व्हिडिओवर शिकवलेले कोणाच्या डोक्यावरून जाते, तर कोणाला पुस्तकातले लांबलचक स्पष्टीकरण. खात्री करायची असेल तर तोच घटक वेगळ्या रीतीने, कागद-पेन्सिलीशिवाय, बोलून शिकवून पाहावा. जमला, तर पातळी बरोबर आहे आणि पुस्तक बदलावे लागेल. पातळी खाली आणून, रीत बदलून, पुरेसा वेळ देऊनही एखाद्या विषयात मूल महिनोन्महिने तिथेच राहिले, तर प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत, आणि मग वाचन, लेखन किंवा गणन यांतल्या अध्ययन अक्षमतेसाठी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. थांबून काही साध्य होत नाही. अशा मुलाला वाचनाचे पुस्तक खालचे लागले, तरी त्याची समज खालची नसते. विज्ञान, इतिहास आणि गोष्टी त्याला त्याच्या समजेच्या पातळीवर मोठ्याने वाचून दाखवाव्यात किंवा ऐकवाव्यात, म्हणजे अक्षरांशी झगडताना त्याची ज्ञानाची भूक मारली जाणार नाही.

मुलाशी बोलताना इयत्तेचा उल्लेख टाळलेला बरा. पुस्तकाला कव्हर घालून त्यावर फक्त 'गणित' असे लिहावे. 'तुझ्या वयाच्या मुलांचे पुस्तक तुला झेपले नाही' असे म्हणण्याऐवजी 'हातचे पक्के झाले की आपण पुढच्या पुस्तकाला लागू' असे, पुढे काय करायचे आहे ते सांगावे. नातेवाईक इयत्ता विचारतील, तेव्हा मुलाने वयाला जुळणारी इयत्ता सांगावी. तेवढे उत्तर त्यांना पुरते.

पुढे शाळेत घालण्याचा किंवा एखाद्या मंडळाची परीक्षा देण्याचा विचार असेल, तर त्या शाळेचा किंवा मंडळाचा अभ्यासक्रम आतापासून मिळवून ठेवावा आणि दर सहा महिन्यांनी त्यातले कोणते घटक झाले त्यावर खूण करावी. त्या यादीमुळे मुलाची रोजची पातळी बदलू नये. प्रवेशाला साधारण वर्ष उरले, की राहिलेले घटक वेगळे काढून त्यांचे आठवड्यांनुसार वेळापत्रक करावे, आणि प्रवेश ज्या इयत्तेत हवा आहे तिच्या आधीच्या इयत्तेची वर्षअखेरची चाचणी त्या सुमारास एकदा घ्यावी.